कोळंबीच्या टरफलांपासून जंतुरोधक फिल्म: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोळंबी सोलायच्या शेडमध्ये सकाळी सातला गेलात तर एका बाजूला बर्फात ठेवलेली सोललेली कोळंबी दिसते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढाच ढीग डोक्यांचा आणि टरफलांचा. कोळंबीच्या वजनातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग या ढिगात जातो. थोडा कोंबडीखाद्याला, थोडा मत्स्यचूर्णाला, आणि उरलेला दुपारपर्यंत कुजायला लागतो. मी रत्नागिरीची. हा वास लहानपणापासून ओळखीचा. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी याच ढिगातून कायटोसॅन (टरफलातल्या कायटीनपासून मिळणारा, फिल्म करता येणारा पदार्थ) काढलं, त्यात डाळिंबाच्या सालीचा अर्क मिसळला आणि सुरमईच्या तुकड्यांना गुंडाळता येईल अशी पातळ, मातीत विरघळून जाणारी फिल्म तयार केली.

दोन वर्षांतले पहिले सात महिने मात्र फुकट गेले. शोधनिबंधांत सगळी कृती चार ओळींत उरकलेली असते. बादलीतून उतू गेलेला फेस, काचेला चिकटून बसलेली फिल्म, चुकीच्या तुलनेमुळे मिळालेला खोटा आनंद, यातलं काही तिथे नसतं. ते सगळं इथे लिहिते आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि मासळी किंवा फळप्रक्रियेत असलेले छोटे उद्योजक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

आधी हाताशी काय हवं

साधनं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, पीएच मीटर, गरम होणारा मॅग्नेटिक स्टरर, हवा खेळणारा ओव्हन, मिक्सर, मलमलीचं कापड, पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिश, स्पिरिट लेव्हल, मायक्रोमीटर, डेसिकेटर (हवाबंद झाकणाचं भांडं). जंतूंच्या चाचणीसाठी ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर आणि लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट).

रसायनं: हायड्रोक्लोरिक ॲसिड, कॉस्टिक सोडा, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, ग्लिसरीन, मॅग्नेशियम नायट्रेट.

अंगावर: जाड नायट्राईल हातमोजे, गॉगल, एप्रन, बंद बूट. कॉस्टिकचं काम साध्या चष्म्यावर करू नका.

कागद: टरफलं देणाऱ्या कारखान्याचं पत्र, इथेनॉल वापरणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी, जंतू मागवण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र. या तिन्हींना वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. माझं इथेनॉलचं प्रकरण अडीच महिने चाललं आणि तोवर डाळिंबाची साल बरणीत पडून होती.

१. फिल्म कशासाठी हवी ते आधी ठरवा

सगळे आधी फिल्म करतात आणि मग ती कशाला गुंडाळायची याचा विचार करतात. मीही तेच केलं. पण कायटोसॅनचे गुणधर्म पदार्थाची निवड फार आखडून टाकतात, म्हणून ते आधी माहीत हवेत.

कायटोसॅन आम्लात विरघळतं, म्हणून दही, लोणचं, टोमॅटो किंवा कापलेलं लिंबू त्याच्या संपर्कात ठेवायचं नाही. कोरड्या हवेत ही फिल्म प्राणवायू चांगला अडवते, पण पाण्याची वाफ अडवत नाही. त्यामुळे कुरकुरीत चिवडा किंवा बिस्किटं तिच्यात मऊ पडतील. तिसरी गोष्ट तुमच्या ग्राहकाची. हे कोळंबीचं टरफल आहे. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेली माणसं असतात आणि शाकाहारी घरांत पनीरच्या दोन चकत्यांमध्ये कोळंबीपासून केलेला पापुद्रा कोणी खपवून घेणार नाही, घ्यावाही का? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत कवचधारी जलचर ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत. शाकाहारी पदार्थांसाठी काम करायचं असेल तर बुरशीपासून मिळणारं कायटोसॅन घ्या किंवा आंब्याच्या कोयीतल्या स्टार्चकडे वळा. कोकणातल्या कॅनिंग कारखान्यांच्या मागे मे-जूनमध्ये कोयींचे डोंगर असतात.

या तिन्ही अडचणी मासळीच्या बाबतीत येत नाहीत. मासळी आम्लधर्मी नसते, तिला कुरकुरीत राहायचं नसतं, आणि ती विकत घेणाऱ्याला कोळंबीचं वावडं सहसा नसतं, तरी ॲलर्जीची सूचना छापायलाच हवी. म्हणून मी सुरमईचे तुकडे निवडले. पुढची सगळी कृती त्यांच्यासाठी आहे.

२. टरफलं आजची हवीत, कालची नकोत

पहिल्यांदा मी दुपारी चारला जाऊन पोतं भरून आणलं. रंग राखाडी झाला होता, वास सहन होत नव्हता, आणि निघालेलं कायटोसॅन तपकिरी आलं. दुसऱ्या वेळी शेडमधल्या मावशींना सांगितलं, की मला रोज पाच किलो लागतील. त्या म्हणाल्या, "ताई, मग तू आठच्या आत ये. बर्फातनं काढून ठेवते. डोकी हवीत की नुस्ती सालं?" हा प्रश्न मला कुठल्याच पुस्तकाने विचारला नव्हता. डोक्यात प्रथिनं आणि चरबी जास्त असते, पचनरसही असतात, त्यामुळे कुजण्याची सुरुवात डोक्यापासून होते. शिकताना नुसती अंगावरची टरफलं घ्या. हात बसला की डोकी मिसळा, कारण कारखान्याला दोन्ही एकत्रच द्यायची असतात.

आणल्यावर लगेच नळाखाली धुवा. कोळंबी काळी पडू नये म्हणून काही ठिकाणी सोडियम मेटाबायसल्फाईट वापरतात, त्याचाही अंश निघून जातो. मग ५० ते ६० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा आणि मिक्सरमधून रव्याइतकी जाडी ठेवून काढा. पिठासारखं बारीक केलंत तर पुढे प्रत्येक धुण्याच्या वेळी माल पाण्याबरोबर जातो. माझ्याकडे एक किलो ओल्या टरफलांची साधारण २५० ग्रॅम कोरडी भुकटी व्हायची. पुढची सगळी मापं याच २५० ग्रॅमची आहेत.

३. चुना काढणे, आणि फेस

टरफल कडक असतं ते कॅल्शियम कार्बोनेटमुळे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडने काढायचं. एक नॉर्मल ॲसिड लागतं. बाजारातलं तीव्र ॲसिड साधारण १२ नॉर्मल असतं, म्हणजे एक लिटर द्रावणासाठी सुमारे ८५ मि.लि. तीव्र ॲसिड घ्यायचं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

किती लिटर घ्यायचं ते अंदाजाने ठरवू नका. २५० ग्रॅम भुकटीत चुना साधारण १०० ग्रॅम धरा, म्हणजे एक मोल. त्याला दोन मोल ॲसिड लागतं, म्हणजे एक नॉर्मलचे दोन लिटर. थोडं जास्त हवं म्हणून मी अडीच लिटर घेते. कमी पडलं तर चुना उरतो, पुढे फिल्ममध्ये पांढरे ठिपके दिसतात आणि त्याचं कारण शोधण्यात महिना जातो.

आता फेस. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो, आणि टरफलातली प्रथिनं त्या वायूला साबणासारखी धरून ठेवतात. मी पहिल्या दिवशी तीन लिटरच्या बीकरमध्ये ॲसिड घेऊन सगळी भुकटी एकदम टाकली. दहा सेकंदांत गुलाबी फेसाचा खांब काठावर आला, मग टेबलावर, मग जमिनीवर. हातमोजे होते म्हणून बोटं वाचली. तेव्हापासून मी दहा लिटरची प्लास्टिकची बादली घेते, तीत ॲसिड ठेवते आणि भुकटी मूठभर-मूठभर टाकते. एक मूठ टाकायची, फेस बसेपर्यंत लाकडी पट्टीने ढवळायचं, मग दुसरी. अर्धा तास लागतो. स्टीलचं भांडं या पायरीला वापरू नका, ॲसिड ते खातं. खिडक्या उघड्या ठेवा.

सगळी भुकटी आत गेल्यावर दोन तास अधूनमधून ढवळत ठेवा. बुडबुडे थांबले की ताजं ॲसिड चमचाभर टाकून पाहा. पुन्हा बुडबुडे आले तर चुना उरला आहे. आले नाहीत तर मलमलीतून गाळा आणि धुण्याचं पाणी पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत धुवा. हाताला आता टरफल मऊ, रबरासारखं लागतं.

४. प्रथिनं काढणे

ही पायरी सोपी आहे. एक नॉर्मल कॉस्टिक, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, अडीच लिटर. ७० ते ८० अंशांना दोन तास ढवळत ठेवा. द्रावण चहासारखं तपकिरी झालं तर ते बदलून आणखी तासभर. पुन्हा गाळणं, पुन्हा धुणं. कोरडं केल्यावर जे फिकट गुलाबी-पांढरे पापुद्रे उरतात ते कायटीन. माझ्याकडे साधारण ५५ ग्रॅम यायचं. गुलाबीपणा ॲस्टाझँथिन या कोळंबीतल्या रंगद्रव्याचा, फिल्मला त्याने काही बिघडत नाही. ब्लीच वापरून तो काढायच्या मागे लागू नका, ब्लीचने रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि फिल्म ठिसूळ होते.

५. कायटीनचं कायटोसॅन

कायटीन कशातच सहज विरघळत नाही. त्याच्या साखळीवरचे ॲसिटिल गट काढले की मोकळे अमिनो गट उरतात, ते कायटोसॅन. हेच अमिनो गट आम्लात धनभारित होतात आणि ऋणभारित जंतूंच्या आवरणाला चिकटून ते खिळखिळं करतात. फिल्मचा जंतुरोधक गुण इथून येतो. म्हणून या पायरीत कसूर झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

वजनाने ५० टक्के कॉस्टिक करायचं, म्हणजे अर्धा किलो पाण्यात अर्धा किलो फ्लेक्स. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, थोडंथोडं, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून. द्रावण आपोआप इतकं तापतं की हात लावता येत नाही. काचेला हे गरम द्रावण हळूहळू खातं, ॲल्युमिनियममधून हायड्रोजन निघतो, म्हणून जाड स्टेनलेस स्टीलचं झाकणाचं भांडं घ्या. ५५ ग्रॅम कायटीनला साधारण ५५० मि.लि., १०० अंशांना दोन ते तीन तास. जास्त वेळ ठेवलंत तर ॲसिटिल गट जास्त निघतात, पण साखळ्याही तुटतात. मी अडीच तासांवर स्थिरावले. हाती चाळीसेक ग्रॅम कायटोसॅन येतं.

एक गोष्ट आवर्जून सांगते. या ५५० मि.लि. द्रावणात चारशे ग्रॅमच्या वर कॉस्टिक आहे. आधीच्या पायरीचं धरलं तर ४० ग्रॅम कायटोसॅनसाठी अर्धा किलो कॉस्टिक गेलं. पर्यावरणासाठी काम करतो म्हणायचं आणि हे द्रावण गटारात सोडायचं, हे चालणार नाही. गाळून निघालेलं तीव्र कॉस्टिक झाकणाच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवा. त्यात थोडं ताजं मिसळून ते पुढच्या खेपेला वापरता येतं, आणि पातळ करून चौथ्या पायरीलाही. शेवटी जे उरेल ते उदासीन करूनच प्रयोगशाळेच्या कचरा व्यवस्थेकडे द्या.

तपासणी: एक ग्रॅम कायटोसॅन १ टक्का ॲसेटिक ॲसिडच्या १०० मि.लि.मध्ये टाका आणि रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी द्रावण पारदर्शक आणि घट्टसर हवं. जेलीसारखे कण तळाशी दिसले तर ॲसिटिल गट पुरेसे निघालेले नाहीत. किती टक्के ॲसिटिल गट निघाले तो नेमका आकडा टायट्रेशनने किंवा एफटीआयआर या इन्फ्रारेड तपासणीने काढा. मी एकदा वेळ वाचवायला बाजारातून कायटोसॅन आणलं होतं. बाटलीवर ९० टक्के लिहिलेलं, टायट्रेशनमध्ये ७० च्या खाली आलं. विकत घेतलेलंही स्वतः तपासा.

६. डाळिंबाच्या सालीचा अर्क

रस आणि दाणे काढणाऱ्या कारखान्यांतून साल फुकट मिळते. सोलापूर, सांगोला भागातून मी ती आणली. फळाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग सालीचा असतो आणि तीत प्युनिकॅलॅजिनसारखी टॅनिनं भरपूर असतात. जीभ आवळून धरणारी तुरट चव आहे ना, ती यांचीच.

इथे दोन सापळे. पहिला, फवारणी. डाळिंबावर तेल्या रोग आणि किडींसाठी वारंवार फवारे मारतात आणि अवशेष सालीवरच राहतात. शेतकऱ्याकडून काढणीआधी किती दिवस फवारणी बंद होती ते विचारा, निर्यातीसाठी अवशेष तपासलेल्या बागेची साल मिळाली तर उत्तम. अर्क अन्नाला लागणार आहे, इथे तडजोड नको. दुसरा, स्पिरिट. इथेनॉल मिळेना म्हणून रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिट वापरायचा मोह होतो. त्यात मिथेनॉल असू शकतं. त्यापेक्षा गरम पाणी घ्या.

साल ४५ अंशांना वाळवा, दळा. दहा पट पाण्यात ६० अंशांना तासभर, किंवा ७० टक्के इथेनॉलमध्ये खोलीच्या तापमानाला २४ तास. गाळा, आटवा, फ्रीजमध्ये ठेवा. लोखंडाचं भांडं किंवा चमचा लागू देऊ नका, टॅनिन काळं पडतं.

७. फिल्म ओतणे

१ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये २ टक्के कायटोसॅन, रात्रभर मंद ढवळणं, मलमलीच्या दोन पदरांतून गाळणं. कायटोसॅनच्या वजनाच्या २५ टक्के ग्लिसरीन. ग्लिसरीनशिवाय फिल्म पापडासारखी मोडते.

अर्क शेवटी. आणि थेंबाथेंबाने. टॅनिन आणि कायटोसॅन एकमेकांना घट्ट धरतात. मी पहिल्यांदा अर्क एका धारेत ओतला तर द्रावणात फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या आणि त्या पुन्हा विरघळल्या नाहीत. कायटोसॅनच्या वजनाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करा. २० टक्क्यांच्या वर माझी फिल्म गडद तपकिरी, खरखरीत आणि ठिसूळ व्हायला लागली.

द्रावण मधासारखं घट्ट असतं आणि त्यात बुडबुडे अडकतात. व्हॅक्यूम नसेल तर झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, बुडबुडे वर येतात.

काचेवर ओतू नका. कायटोसॅन काचेला असं धरतं, की सोलताना फिल्मचे तुकडे हातात येतात. पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिश किंवा ॲक्रिलिकचे ट्रे घ्या. ओव्हनमधली जाळी स्पिरिट लेव्हलने तपासा. माझ्या ओव्हनची जाळी डावीकडे जराशी झुकलेली होती. नऊ सेंटिमीटरच्या डिशमध्ये एका कडेला ४० मायक्रॉन आणि दुसऱ्या कडेला ९० भरायचे, आणि मी महिनाभर द्रावणाला दोष देत होते.

हिशेब असा: नऊ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. २० मि.लि. द्रावणात ०.४ ग्रॅम कायटोसॅन आणि ०.१ ग्रॅम ग्लिसरीन. वाळल्यावर साधारण ६० मायक्रॉनची फिल्म होते. म्हणजे एक किलो ओल्या टरफलांतून ४० ग्रॅम, ४० ग्रॅममधून दोन लिटर द्रावण आणि शंभर डिश. सगळ्या फिल्म एकाला एक लावल्या तर दोन तृतीयांश चौरस मीटरही होत नाहीत. कुणी तुम्हाला पहिल्याच बैठकीत किलोचा भाव विचारेल, तेव्हा हा आकडा जवळ असू द्या.

४० अंशांना २४ ते ३६ तास वाळवा. कोकणात जुलैत वाळवलेली फिल्म हाताला चिकटते आणि डिसेंबरात तीच कडा सोडून तडकते. द्रावण तेच, हवा वेगळी. म्हणून मोजमापाआधी प्रत्येक फिल्म ४८ तास डेसिकेटरमध्ये, खाली मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवून. २५ अंशांना तिथे सुमारे ५३ टक्के आर्द्रता कायम राहते. हे केलं नाही तर पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

८. जंतूंची चाचणी: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

जंतू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसीमधून मागवता येतात. सुरुवातीला ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस पुरेत. मासळीसाठी पुढे स्युडोमोनास घ्या, थंडीत मासळी नासवण्यात त्याचा मोठा हात असतो. लिस्टेरियाला योग्य सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा नसेल तर हात लावू नका.

सगळे पहिल्यांदा जी चाचणी करतात ती म्हणजे जंतू पसरलेल्या आगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) फिल्मची चकती ठेवून भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजणं. मी केली. चकत्यांभोवती छान मोठी वर्तुळं आली. फोटो काढून माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यातलं किती कायटोसॅनचं आणि किती ॲसेटिक ॲसिडचं?"

मला उत्तर देता आलं नाही. फिल्म वाळली तरी तिच्यात ॲसेटिक ॲसिड अडकून राहतं, आगरमध्ये उतरतं आणि जंतू मारतं. व्हिनेगर तेच करतं. मॅडमच्या सांगण्यावरून मी फिल्म एक नॉर्मल कॉस्टिकमध्ये पाच मिनिटं बुडवून उदासीन केली, डिस्टिल्ड पाण्याने धुतली, पुन्हा वाळवली आणि पुन्हा ठेवली. अर्क नसलेल्या फिल्मभोवतीचं वर्तुळ नाहीसं झालं. चकती उचलली तर फक्त तिच्याखालची जागा स्वच्छ होती. कायटोसॅनचा रेणू मोठा, तो आगरमध्ये पसरत नाही, जिथे स्पर्श होतो तिथेच काम करतो. त्या दिवशी सात महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या.

म्हणून प्रत्येक चाचणीत या पाचही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवा:

- साधी पॉलिथिनची चकती
- तेवढंच ॲसेटिक ॲसिड शोषलेली कागदी चकती
- अर्काशिवाय, उदासीन न केलेली फिल्म
- अर्काशिवाय, उदासीन केलेली फिल्म
- अर्कासह, उदासीन केलेली फिल्म

उदासीन करायची असलेल्या फिल्ममध्ये अर्क असेल तर कॉस्टिकमध्ये थोडा अर्क निघून जातो आणि टॅनिन तपकिरी पडतं. मी म्हणून आधी कायटोसॅनची फिल्म उदासीन करून मग ती अर्कात भिजवण्याची पद्धत घेतली.

वर्तुळापेक्षा मोजणीवर विश्वास ठेवा. आयएसओ २२१९६ ची रीत अशी: पाच सेंटिमीटरच्या चौकोनी फिल्मवर मोजून ठेवलेल्या जंतूंचं ०.४ मि.लि. द्रावण, वर पातळ प्लास्टिक, ३५ अंशांना ९० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत २४ तास. मग धुवून जिवंत जंतू मोजायचे आणि साध्या प्लास्टिकवरच्या संख्येशी लॉगमध्ये फरक काढायचा. एक लॉग म्हणजे ९० टक्के घट, दोन म्हणजे ९९. ऐकायला ९० टक्के मोठं वाटतं, पण दहा लाखांतले एक लाख जिवंत राहिले, हेही त्यात आलं. फिल्म निर्जंतुक करायला दोन्ही बाजूंनी यूव्ही, ऑटोक्लेव्ह नाही. वापरलेले सगळे जंतू टाकण्याआधी १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करायचे.

९. बाकीची मोजमापं

जाडी दहा ठिकाणी. ताण सहन करण्याची चाचणी एएसटीएम डी ८८२ प्रमाणे, वाफ किती जाते ते ई ९६ च्या वाटी पद्धतीने. कॉलेजात यंत्र नसेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगची प्रयोगशाळा आहे. मातीत पुरून दर आठवड्याला वजन पाहा, पण नुसतं वजन घटलं म्हणजे विघटन झालं असं लिहू नका. ग्लिसरीन पाण्यात धुतलं जातं आणि तेवढ्यानेही वजन उतरतं.

१०. मासळीवर

सुरमईचे एकाच माशाचे, एकाच जाडीचे तुकडे. अर्धे फिल्ममध्ये, अर्धे साध्या प्लास्टिकमध्ये, सगळे ४ अंशांना. दर दोन दिवसांनी एकूण जंतूसंख्या, पीएच आणि टीव्हीबीएन, म्हणजे मासळी नासताना तयार होणारे अमोनियासारखे वाफाळ पदार्थ. शंभर ग्रॅमला ३० ते ३५ मिलिग्रॅम ओलांडले की मासळी गेली असं सर्वसाधारणपणे धरतात, आणि ग्रॅममागे एक कोटी जंतू ही दुसरी खूण. माशातलं पाणी शोषून फिल्म फुगते, म्हणून ती तुकड्याला सगळीकडे टेकते आहे ना ते पाहा. जिथे पोकळी राहते तिथे काहीच परिणाम होत नाही, हे आठव्या पायरीत पाहिलंच. आणि नाक विसरू नका. मी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या दोघींना डबे नंबर टाकून दिले होते, आतलं काय ते न सांगता. सहाव्या दिवशी त्यांनी वेगळे काढलेले डबे आणि माझे टीव्हीबीएनचे आकडे जुळले. माणसांकडून असं करून घेणार असाल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या.

११. विकायचं असेल तर

भारतातल्या २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांत पॅकिंगच्या प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. तुमची फिल्म चौरस डेसिमीटरला सातशे-आठशे मिलिग्रॅम वजनाची आहे. आयएस ९८४५ मधल्या ३ टक्के ॲसेटिक ॲसिडच्या चाचणीत ती जवळजवळ सगळी विरघळेल. त्यामुळे फिल्म कोणत्या अन्नासाठी, कोणत्या द्रावणात तपासायची, ती पॅकिंग मानायची की खाद्य लेपन, हे प्रयोगशाळेशी आणि प्राधिकरणाशी आधी बोलून लेखी घ्या. कंपोस्टेबल प्लास्टिक म्हणून विकायची असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ प्रमाणे चाचण्या आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते हातात येईपर्यंत पाकिटावर तो शब्द छापू नका. कारखाना टाकायचा तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि तिथे पहिला प्रश्न कॉस्टिकच्या सांडपाण्याचाच येतो. पेटंट मनात असेल तर आधी अर्ज, मग शोधनिबंध.

टरफलांच्या पत्राचा नमुना विचारणारे बरेच भेटतात. त्यात चारच गोष्टी हव्यात: रोज किती किलो, किती वाजता उचलणार, डोकी धरून की वगळून, आणि नाही आलात तर ढिगाची जबाबदारी कोणाची. ही चौथी ओळ पत्रात असली की शेडवाले तुम्हाला रोज आठच्या आत बर्फातली टरफलं काढून ठेवतात.